'बीइंग संडे, ऑफिस वॉज क्लोज्ड': नॉन-फायनाइट क्रियापदांचा तोच तोच बिघाड आणि त्याची दुरुस्ती

'आय वाँट टू वेंट.' 'ही मेड मी टू स्टँड.' 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' 'वॉकिंग निअर रंकाळा, अ डॉग बिट मी.'

कोल्हापुरात इंग्रजीची बॅच घेणाऱ्या कुणालाही ही चार वाक्यं दाखवा, तो हसेल आणि मान डोलावेल. बारावीचा मुलगा असो, एमपीएससीची तयारी करणारी मुलगी असो, नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अर्ज टाकणारा डिप्लोमावाला असो, लाल शाई याच जागी पडते. बरं, व्याख्या विचारा, धडाधड येतात. इन्फिनिटिव्ह म्हणजे काय, जिरंड म्हणजे काय, पार्टिसिपलचे प्रकार किती, सगळं तोंडपाठ. ('टू गो' हा इन्फिनिटिव्ह, नामासारखा वापरलेला 'गोइंग' हा जिरंड, आणि विशेषणासारखे किंवा क्रियाविशेषणासारखे वापरलेले 'गोइंग', 'गॉन' हे पार्टिसिपल.) आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर 'टू वेंट'. म्हणजे बिघाड व्याख्येत नाही. तो असतो दोन प्रश्न न विचारण्यात: वाक्यातला काळ कुठल्या क्रियापदानं उचललाय, आणि बाकीच्या क्रियापदांचं काम नेमकं कोण करतंय? हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली की निम्म्याहून जास्त चुका आपोआप गळतात. उरतात त्या कुठल्या शब्दामागं कुठलं रूप येतं याच्या, आणि त्या पाठांतराच्या.

आधी तपासणी: काळ कुणाच्या डोक्यावर आहे?

घरातून निघताना आपण 'जाऊन येतो' म्हणतो. त्यातलं 'येतो' बदलून बघा. येते, येतात, आलो, येईन. 'जाऊन' मात्र जागचं हलत नाही. आमच्याकडं तर बायकाही सर्रास 'मी जाऊन येतो' म्हणतात आणि पुण्याची पाहुणी 'जाऊन येते' म्हणते. 'जाऊन'ला त्याचं काही देणंघेणं नाही. काल, आज, उद्या, मी, तू, ते, कशानंही जे बदलत नाही ते नॉन-फायनाइट. जे बदलतं ते फायनाइट. मराठी व्याकरणात यालाच धातुसाधित म्हणतात, म्हणजे ही चीज आपल्याला नवी नाही. करून, करताना, करायला, करणं, केलेला, करणारा ही सगळी त्याच घरातली. यातली 'केलेला', 'करणारा' ही लिंग-वचनानुसार बदलतात हे खरं, पण काळ तीही उचलत नाहीत.

इंग्रजी वाक्याला हीच चाचणी लावा. 'ही गोज टू महाद्वार रोड टू बाय चपल्स.' आता हे वाक्य कालचं करा. 'ही वेंट टू महाद्वार रोड टू बाय चपल्स.' 'गोज'चं 'वेंट' झालं, 'टू बाय' आहे तिथंच. 'टू बॉट' होत नाही, कारण कालचा काळ 'वेंट'नं आधीच उचललाय. एकाच गोष्टीचं भाडं दोनदा कशाला द्यायचं?

'आय वाँट टू वेंट' हे का होतं तेही यातच कळतं. पोराच्या मनात असतं 'मला जायचं होतं'. भूतकाळ आहे एवढं त्याला जाणवतं, पण तो 'होतं'वर आहे, 'जायचं'वर नाही, हे ध्यानात येत नाही. 'मला जायचं आहे' आणि 'मला जायचं होतं' शेजारी शेजारी लिहा. 'जायचं' दोन्हीकडं सारखंच. मग इंग्रजीतही 'आय वाँट टू गो' आणि 'आय वाँटेड टू गो'. 'गो' दोन्हीकडं सारखंच.

'आय डिड नॉट वेंट' ही याचीच जुळी बहीण. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना काळ 'गेलो'वरच राहतो, 'नाही' बिचारं मोकळं असतं. इंग्रजीत उलटं. 'डिड' मध्ये घुसतं आणि काळ स्वतःकडं घेतं, मग मागं उरतं ते नुसतं 'गो'. या टू-शिवायच्या रूपाला बेअर इन्फिनिटिव्ह म्हणतात. कॅन, शुड, मस्ट, विल यांच्यामागंही तेच येतं. म्हणून 'कॅन टू गो' नाही आणि 'शुड वेंट'ही नाही.

अर्धी वाक्यं

'हॅविंग कम्प्लिटेड माय डिप्लोमा फ्रॉम कोल्हापूर.' पूर्णविराम. पुढचं वाक्य सुरू. अर्जांत हा प्रकार रोज दिसतो. वाक्य लांब आहे, भारदस्त आहे, पण त्याला कालचं किंवा उद्याचं करून बघा, काहीच बदलत नाही. म्हणजे यात फायनाइट क्रियापदच नाही. गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेला आपण बघतो. इथं ट्रॉल्या भरून रस्त्यावर उभ्या आहेत आणि ट्रॅक्टरचा पत्ता नाही. 'बीइंग अ हार्डवर्किंग स्टुडंट.' हेही तसंच. 'विथ रेफरन्स टू युवर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट.' हेही तसंच, फक्त यात क्रियापद नावालासुद्धा नाही. दुरुस्ती सोपी आहे: पूर्णविराम काढा, स्वल्पविराम द्या, आणि पुढं कुणीतरी काहीतरी करतंय असं वाक्य जोडा. 'हॅविंग कम्प्लिटेड माय डिप्लोमा, आय अ‍ॅम लुकिंग फॉर अ जॉब.'

उलटा रोगही आहे, आणि तो चांगलं मराठी लिहिणाऱ्यांना होतो. 'पहाटे उठून, अंघोळ करून, जोतिबाला जाऊन, दर्शन घेऊन, जेवून दुपारी घरी आलो.' मराठीत हे वाक्य झकास चालतं. एकच 'आलो' आणि बाकी सगळी ऊनची माळ. याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर 'हॅविंग गॉट अप, हॅविंग बेद्ड, हॅविंग गॉन...' अशी हॅविंगची रांग लागते आणि वाचणाऱ्याला धाप लागते. इंग्रजीला अशी माळ रुचत नाही. तिथं सरळ फायनाइट क्रियापदं एकापुढं एक मांडायची आणि शेवटच्याच्या आधी 'अँड' टाकायचा: 'आय गॉट अप, बेद्ड, वेंट टू जोतिबा अँड केम होम बाय नून.' एका वाक्यात एक हॅविंग पुरे.

खरी डोकेदुखी: काम करतंय कोण?

आता त्या कुत्र्याकडं येऊ. 'रंकाळ्यावर फिरताना मला कुत्रं चावलं.' मराठीत यात काही चूक नाही. फिरत होतो मी, चावलं कुत्रं. ऐकणाऱ्याला 'मला' या शब्दावरून कळतं की फिरणारा कोण. मराठीत 'फिरताना'चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असला पाहिजे अशी सक्ती नाही. 'पाऊस पडून चिखल झाला' यात पडला पाऊस, झाला चिखल, आणि कुणाची काही तक्रार नाही.

इंग्रजी इथं कडक आहे. सुरुवातीला पार्टिसिपलचा तुकडा आला आणि त्याला स्वतःचा कर्ता दिलेला नसेल, तर स्वल्पविरामानंतर जो पहिला कर्ता येईल तोच त्या तुकड्याचा धनी. 'वॉकिंग निअर रंकाळा, अ डॉग बिट मी' यात फिरायला गेलंय कुत्रं. मजा म्हणजे हे वाक्य व्याकरणानं अर्थपूर्णही आहे, कारण रंकाळ्यावर कुत्री फिरतातच. म्हणून विद्यार्थ्याला चूक दिसत नाही. त्याला दुसरं वाक्य द्यावं लागतं: 'रीडिंग द न्यूजपेपर, माय टी बिकेम कोल्ड.' पेपर वाचता वाचता चहा गार झाला. इंग्रजीत चहाच पेपर वाचत बसला. मग वर्गात हशा होतो आणि मुद्दा पोचतो. 'गेटिंग डाउन अ‍ॅट द एसटी स्टँड, माय पर्स वॉज स्टोलन', एसटी स्टँडवर उतरली ती पर्स. याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात, म्हणजे लोंबकळणारा.

हे नेमकं आपल्याकडंच इतकं का होतं? मराठीत कितीतरी अनुभव 'मला'नं सुरू होतात. मला दिसलं, मला भेटला, मला सापडलं, मला आठवलं, मला मिळालं. यात माणूस अर्थानं मुख्य असतो, पण व्याकरणात कर्ता दुसरंच काहीतरी असतं. 'घरी जाताना मला शाळेतला मित्र भेटला' याचं इंग्रजी करताना पोरगं 'मित्र भेटला'ला धरतं आणि लिहितं, 'गोइंग होम, अ स्कूल फ्रेंड मेट मी.' झालं, घरी निघाला मित्र. 'मला'नं सुरू होणारं वाक्य दिसलं की इंग्रजीत 'आय'नं सुरू करायचं, एवढी एक सवय लावून घ्या. 'गोइंग होम, आय मेट अ स्कूल फ्रेंड.' कुत्र्याच्या वाक्याला ही सवय अर्धीच पुरते, कारण चावण्याचं काम कुत्र्याचंच. तिथं दोन वाटा आहेत. एक, मुख्य वाक्य पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी, करून 'आय' पुढं आणा: 'वॉकिंग निअर रंकाळा, आय वॉज बिटन बाय अ डॉग.' दुसरी, आणि मला तीच आवडते, तुकडा उघडून त्यात कर्ता घाला: 'व्हाइल आय वॉज वॉकिंग निअर रंकाळा, अ डॉग बिट मी.' परीक्षेत पार्टिसिपल वापरायलाच सांगितलं असेल तर पहिली, नाहीतर बेधडक दुसरी.

शीर्षकातलं वाक्यही याच कुळातलं. 'रविवार असल्यामुळं ऑफिस बंद होतं.' 'बीइंग संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड.' म्हणजे ऑफिस हाच रविवार! इंग्रजीत वाराला, वेळेला, हवेला कर्ता म्हणून 'इट' लागतो, तो इथंही घालायला हवा: 'इट बीइंग संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड.' अशा, स्वतःचा कर्ता घेऊन आलेल्या तुकड्याला जुनी पुस्तकं नॉमिनेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात. 'द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट', पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो. परीक्षेत विचारतात म्हणून शिका. पण नोकरीच्या अर्जात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये 'अ‍ॅज इट वॉज संडे' आणि 'व्हेन द रेन स्टॉप्ड' असंच लिहा.

याला काही सूटही आहे. 'जनरली स्पीकिंग', 'जजिंग बाय', 'कन्सिडरिंग' अशी काही रूपं इतकी रुळलीत की त्यांना धनी कोण हे कुणी विचारत नाही. 'कन्सिडरिंग हिज एज, ही रन्स वेल' हे चालतं.

जागेचंही भान ठेवा. 'मी त्याला घरी जाताना पाहिलं' हे वाक्य मराठीत दोन्ही अर्थी लागतं, मी जात होतो किंवा तो. इंग्रजी जागेवरून निकाल लावतं. 'आय सॉ हिम गोइंग होम', जात होता तो. 'गोइंग होम, आय सॉ हिम', जात होतो मी.

'ऊन' म्हणजे कधी नुसतं आयएनजी, कधी हॅविंग

दोन कामं एकाला लागून एक झाली तर साधं आयएनजी रूप पुरतं: 'ओपनिंग द डोअर, ही वेंट इन.' मधे अंतर असेल, आधीचं काम पुरतं संपलं हे सांगायचं असेल, तर हॅविंग आणि व्ही-थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप (गो, वेंट, गॉन यातलं 'गॉन'). 'हॅविंग कम टू द थ्रोन इन १८९४, शाहू महाराज रिझर्व्ड फिफ्टी पर्सेंट ऑफ द व्हेकन्सीज फॉर द बॅकवर्ड क्लासेस इन १९०२.' गादीवर येणं आणि आरक्षणाचा हुकूम यांत आठ वर्षं आहेत. इथं 'कमिंग टू द थ्रोन' म्हटलं तर दोन्ही एकाच दमात झाल्यासारखं वाटतं. आणि काळ न उचलणाऱ्या रूपालाही 'हे आधीचं' एवढं सांगता येतं ते असं. 'ही सीम्स टू हॅव लेफ्ट', तो निघून गेलेला दिसतोय, हा इन्फिनिटिव्हचा तसाच अवतार.

'लेला' फसवतो

वाहणारं पाणी, रनिंग वॉटर. मोडलेली खुर्ची, ब्रोकन चेअर. णारा म्हणजे आयएनजी, लेला म्हणजे व्ही-थ्री, असं समीकरण बरेचजण शिकवतात आणि ते बऱ्यापैकी चालतंही. 'राधानगरीला भोगावतीवर बांधलेलं धरण', 'द डॅम बिल्ट ऑन द भोगावती अ‍ॅट राधानगरी'. '१९६२ साली स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ', 'शिवाजी युनिव्हर्सिटी, एस्टॅब्लिश्ड इन १९६२'. इथपर्यंत ठीक.

मग येतो 'झोपलेला मुलगा' आणि पोरं लिहितात 'द स्लेप्ट बॉय'. 'कट्ट्यावर बसलेली माणसं', 'द सॅट पीपल'. 'फेटा बांधलेला माणूस', 'द मॅन वोर्न अ फेटा'. मराठीत झोपणं, बसणं, घालणं ही क्रिया एकदा झाली आणि आता ती अवस्था चालू आहे, म्हणून आपण लेला म्हणतो. इंग्रजी बघतं की अवस्था अजून चालू आहे, म्हणून आयएनजी लावतं: 'द स्लीपिंग बॉय', 'द पीपल सिटिंग ऑन द कट्टा', 'द मॅन वेअरिंग अ फेटा'. उभा राहिलेला, आडवा पडलेला, हातात धरलेला, सगळ्यांना हीच वाट: 'स्टँडिंग', 'लायिंग', 'होल्डिंग'. विचारायचा प्रश्न पुन्हा सुरुवातीच्या दोन प्रश्नांतला दुसरा: काम करतोय कोण? माणसानं फेटा बांधलाय, म्हणजे माणूस कर्ता, म्हणून 'वेअरिंग'. खुर्चीनं काही मोडलेलं नाही, तिला कुणीतरी मोडलंय, म्हणून 'ब्रोकन'. गळलेल्या पानांसारखी काही मधली मंडळी आहेत, 'फॉलन लीव्ह्ज'. पान पडून संपलंय, आता पडत नाहीये, म्हणून तिथं व्ही-थ्री.

'आय अ‍ॅम बोअरिंग इन द लेक्चर' हाही इथलाच. लेक्चर कंटाळा देतं, म्हणून ते 'बोअरिंग'. मला कंटाळा येतो, म्हणून मी 'बोअर्ड'. मुलाखतीत 'आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब' म्हणणारे उमेदवार भेटतात. समोरचा हसला तर रागावू नका.

'टू'चे दोन चेहरे

'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर' हा मेलमधला सगळ्यात महागात पडणारा प्रकार. 'टू' दिसला की मागं व्ही-वन, म्हणजे मूळ रूप, एवढं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण इथला 'टू' इन्फिनिटिव्हचा नाही, प्रिपोझिशन आहे ('फॉर', 'विदाउट' यांच्यासारखा नामाआधी येणारा शब्द), आणि प्रिपोझिशनमागं क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं. ओळखायचं कसं? 'टू'नंतर नुसता 'इट' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट', चालतं. 'आय वाँट टू इट', नाही चालत. चालला तर आयएनजी. 'आय अ‍ॅम युज्ड टू इट', 'आय ऑब्जेक्ट टू इट' चालतात, म्हणून 'युज्ड टू वर्किंग', 'ऑब्जेक्ट टू पेइंग'. सावध राहा फक्त 'युज्ड टू'च्या जोडीबद्दल: 'आय युज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट' म्हणजे पूर्वी रात्रपाळी करायचो, आता नाही, 'आय अ‍ॅम युज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट' म्हणजे रात्रपाळीची सवय आहे. फाउंड्रीच्या मुलाखतीत या दोहोंची अदलाबदल झाली तर नोकरीच्या अर्थाची अदलाबदल होते.

बाकीच्या प्रिपोझिशन्सचं, आणि 'वर्थ', 'बिझी' अशा शब्दांचं, फार सांगण्यासारखं नाही. न सांगता, 'विदाउट टेलिंग'. निघण्यापूर्वी, 'बिफोर लीव्हिंग'. बघण्यासारखा, 'वर्थ सीइंग', पन्हाळा इज वर्थ सीइंग. कामात असणं, 'बिझी डूइंग'. सगळीकडं आयएनजी.

'साठी' मात्र एकदा बघून घ्या. 'भाजी घ्यायला लक्ष्मीपुरीत गेलो' याचं 'आय वेंट टू लक्ष्मीपुरी फॉर बायिंग व्हेजिटेबल्स' करतात. माणसाचा हेतू सांगायचा असेल तर 'टू बाय'. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर 'फॉर' आणि आयएनजी: ऊस तोडायचा कोयता, 'अ सिकल फॉर कटिंग केन'. आणि 'फॉर टू बाय' कुठंच नाही.

कुणामागं कोण

हा भाग पाठांतराचा, पण त्यातही मराठी थोडी मदत करते. वाँट, होप, डिसाइड, अ‍ॅग्री, रिफ्यूज, प्रॉमिस यांच्यामागं 'टू'. एंजॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप, सजेस्ट यांच्यामागं आयएनजी. पहिल्या गटातलं काम बहुतेक पुढं व्हायचं असतं, दुसऱ्यातलं घडत असतं किंवा घडून गेलेलं असतं. नियम म्हणून धरू नका, खूण म्हणून धरा. 'सजेस्ट' या खुणेला दाद देत नाही आणि वर 'सजेस्टेड मी टू गो' अशी चूक घडवतो. तिथं 'सजेस्टेड गोइंग' किंवा 'सजेस्टेड दॅट आय गो'.

ज्या क्रियापदांना दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो, तिथं मराठी कान विलक्षण उपयोगी पडतो. 'चहा प्यायला थांबलो', 'स्टॉप्ड टू ड्रिंक टी'. 'चहा पिणं थांबवलं', 'स्टॉप्ड ड्रिंकिंग टी'. 'कुलूप लावायला विसरलो', 'फरगॉट टू लॉक'. 'कुलूप लावल्याचं विसरलो', 'फरगॉट लॉकिंग'. 'फॉर्म भरल्याचं आठवतं', 'आय रिमेंबर फिलिंग द फॉर्म'. 'प्यायला', 'लावायला' यातलं 'आयला' ऐकू आलं की 'टू', 'ल्याचं' किंवा 'णं' ऐकू आलं की आयएनजी. ही जोडी पक्की करा.

पण लगेच पुढं 'आयला' दगा देतो. 'सरांनी मला उभं राहायला लावलं', म्हणून 'मेड मी टू स्टँड'. 'मेक' आणि 'लेट' यांना 'टू' खपत नाही: 'मेड मी स्टँड', 'लेट मी गो'. 'लेट'चं लक्षात ठेवायला 'जाऊ दे' आहे. 'जाऊ' जसं नुसतं, तसं 'गो' नुसतं. 'मेक'ला असा आधार नाही, तो रट्टा मारूनच पाठ करा. वाक्य पॅसिव्ह झालं की मात्र 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू स्टँड.' परीक्षेतल्या 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) या प्रश्नात हमखास गुण इथं जातात. 'सी' आणि 'हिअर' यांच्यामागंही 'टू' नाही. 'आय सॉ हिम क्रॉस द रोड' म्हणजे रस्ता पूर्ण ओलांडलेला पाहिला, 'आय सॉ हिम क्रॉसिंग' म्हणजे ओलांडत असताना दिसला.

नकार 'नॉट'नं, आणि तो रूपाच्या आधी. न यायचं ठरवलं, 'डिसाइडेड नॉट टू कम'. 'डिसाइडेड टू डोंट कम' नाही, कारण 'डोंट' हे फायनाइट.

'मी येणं शक्य नाही' याचं 'आय कमिंग इज नॉट पॉसिबल' करू नका. इन्फिनिटिव्हला स्वतःचा कर्ता द्यायचा तर त्याच्याआधी 'फॉर' लावतात: 'इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टू कम.' आयएनजी रूपाला द्यायचा तर 'हिज कमिंग लेट', आणि बोलताना 'हिम कमिंग लेट'ही चालतं.

जिरंड कुठला आणि प्रेझेंट पार्टिसिपल कुठला यावर मुलं तास घालवतात. नामाचं काम करतो तो जिरंड, विशेषणाचं किंवा क्रियाविशेषणाचं करतो तो पार्टिसिपल. परीक्षेपुरतं एवढं पुरे. २००२ साली केंब्रिजनं काढलेल्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी हा भेदच काढून टाकला आणि दोन्हीला मिळून 'जिरंड-पार्टिसिपल' असं एकच नाव दिलं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत मात्र हे सांगत बसू नका.

एक अर्ज, दुरुस्तीसह

खालच्यासारखे अर्ज सारखे येतात. हा नमुना सगळे बिघाड एकत्र करून मीच बनवलाय:

'विथ रेफरन्स टू युवर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट पब्लिश्ड इन न्यूजपेपर. हॅविंग कम्प्लिटेड माय डिप्लोमा इन २०२२. वर्किंग इन अ फाउंड्री, माय नॉलेज ऑफ कास्टिंग इज इम्प्रूव्ड. आय डिसाइडेड टू अप्लाइड फॉर धिस पोस्ट. आय अ‍ॅम युज्ड टू वर्क इन नाइट शिफ्ट. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू. थँकिंग यू.'

पहिल्या दोन वाक्यांत ट्रॅक्टर नाही. तिसऱ्यात फाउंड्रीत कामाला जातं ते 'नॉलेज'. चौथ्यात काळ दोनदा. पाचव्यात, सहाव्यात 'टू'चा चेहरा ओळखलेला नाही. दुरुस्त करून:

'आय अ‍ॅम रायटिंग विथ रेफरन्स टू युवर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट पब्लिश्ड इन द न्यूजपेपर. हॅविंग कम्प्लिटेड माय डिप्लोमा इन २०२२, आय जॉइन्ड अ फाउंड्री. वर्किंग देअर, आय हॅव लर्न्ट अ लॉट अबाउट कास्टिंग. आय हॅव डिसाइडेड टू अप्लाय फॉर धिस पोस्ट. आय अ‍ॅम युज्ड टू वर्किंग नाइट शिफ्ट्स. आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.'

राहिलं 'थँकिंग यू'. पत्राच्या शेवटी ते आपण इतक्या इमानानं लिहितो की त्यात चूक असेल असं वाटतच नाही. पूर्वी ते एका पूर्ण वाक्याचा तुकडा होतं: 'थँकिंग यू, आय रिमेन, युवर्स फेथफुली.' 'थँकिंग'चा धनी 'आय', काळ उचलणारं 'रिमेन'. पुढं 'आय रिमेन' लिहायचं सुटलं आणि 'थँकिंग यू' एकटंच मागं राहिलं. आज लिहायचं तर सरळ 'थँक यू' लिहा, आणि खाली सही करा.